उजवीकडे जाणारे बाण

४ तारीख, सोमवार

पोरगी फोनवर म्हणाली, आई, मला रोज फोन करून ओरडत जाऊ नकोस, वहीत लिहून काढ, हलकं वाटतं. हिला सांगायला काय जातंय. मी चार बुकं शिकलेली, पाचवं बापाने हातात पडू दिलं नाही. तरी लिहिते. हलकं वाटलं नाही तर पुन्हा तिलाच फोन करीन.

तर आजचं. आमच्या ह्यांना झटका आला त्याला दोन महिने होऊन गेले. डावा हात गेला, डावा पाय ओढतात, तोंड वाकडं झालेलं ते आता जाग्यावर आहे. बोलणं एकदम चोख. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून वरच्या खोलीत बसून होते. आज स्वतःहून म्हणाले, "मला खाली ने."

खाली आमचं दुकान. आम्ही क्रॉसबो बनवतो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि पुढे आडवं धनुष्य. दस्ता हे तासतात, दोऱ्या मी वळते. मागे लांब शेड आहे, तिच्या टोकाला गवताचे ठोकळे लावलेत. लोक तिथे नेमबाजी करतात, त्यालाच क्लब म्हणायचं. क्लबात ह्यांना सगळे उस्ताद म्हणतात.

खाली आल्यावर आपलं धनुष्य मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "स्पर्धेला पहिला बाण मीच मारणार."

आमच्याकडे ही रीतच आहे. स्पर्धा सुरू करताना पहिला बाण धनुष्य बनवणाऱ्याने मारायचा. आपण केलेल्या दस्त्याला जो सगळ्यांसमोर गाल लावत नाही, त्याच्याकडून कुणी घेत नाही. स्पर्धा चोवीसला आहे.

धाकटे भाऊजी तिथेच होते. ह्यांना वर झोपवून आले आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला नादी लावू नका. दुकान विकून टाका आणि पोरीकडे जाऊन राहा."

मी म्हटलं, "बसल्या जागी मरेल तो माणूस."

"उभा राहूनही मरेलच की," म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी काही हसले नाही. पहिला बाण मारला की हे पहिल्यासारखे होतील. मला माहीत आहे. संसार मी केलाय ह्यांच्याशी, भाऊजींनी नाही.

७ तारीख, गुरुवार

माप घेतलं. खुर्चीत बसून मारायचं तर जुना दस्ता लांब पडतो, गाल मागे येतो आणि वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीत काळंच दिसतं. हे नेहमी सांगायचे, माणूस दुसऱ्याची चप्पल घालत नाही आणि धनुष्य मात्र दुसऱ्याचं उचलतो. मीच करवत घेतली आणि दस्त्याचं बूड दोन बोटं कापलं. ह्यांनी बघितलं, वाकडं कापलंस म्हणाले नाहीत. नाहीतर माझ्या कामात खोड काढल्याशिवाय ह्यांना अन्न जायचं नाही.

पुढचा भार तिपाईवर ठेवला. दोरी मी ताणून दिली. धनुष्याचं तोंड जमिनीला टेकवायचं, तोंडाशी असलेल्या लोखंडी रिकिबीत पाय घालायचा, ओढायच्या दोराचे दोन आकडे दोरीला लावायचे आणि दोन्ही मुठी सारख्या वर ओढायच्या, खटका वाजेपर्यंत. कंबर धरते हल्ली. असो.

हे मारायला लागले. सगळे बाण उजवीकडे. एकही ठोकळ्याच्या मध्यावर नाही.

चूक माझी. माझी उजवी मूठ जड आहे, दोरी एका बाजूला जास्त ओढली जाते आणि मग बाण वाकडा जातो. उद्या दोरीवर, बाण बसतो त्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना, शाईने खुणा करते. खुणा सारख्या बसल्या की ओढ सारखी.

८ तारीख, शुक्रवार

खुणा केल्या. खुणा बरोबर बसतात. बाण तरी उजवीकडे.

व्यायामवाली आली होती. ह्यांचा हातपाय हलवायला येते, पोर चांगली आहे पण तोंडाला विसावा नाही. मला म्हणते, काकू, तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला बसा, तिकडून बोला, ताट तिकडे ठेवा, त्यांना तिकडे बघायला लावा. मी म्हटलं, बाई, डावीकडे बसलं की हे उत्तर देत नाहीत, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. उजवीकडे बसलं की माणसासारखे बोलतात. मग ती कसलेसे लांबलचक शब्द सांगायला लागली. गॅसवर दूध होतं, मी उठले.

जेवताना भात संपवला, बटाटा तसाच ठेवला. रागाने ताट फिरवून पुढे सरकवलं तर म्हणाले, "आणखी वाढलंस?" आणि खाल्ला सगळा. आता ह्याला काय म्हणायचं. आयुष्यभर बटाट्यावर जीव आणि आता समोर असून दिसत नाही. लाड करून घ्यायचे असतात माणसाला आजारपणात.

१२ तारीख, मंगळवार

आज बरं गेलं.

एक शाळेतली बाई आली, नवी. एवढीशी बुटकी. भावाचं धनुष्य आणि भावाचाच ओढायचा दोर घेऊन. भाऊ ताडमाड असणार. तिने पाय रिकिबीत घातला, ओढला, कोपरं कानापर्यंत गेली तरी खटका वाजेना. लाल झाली.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही कपडे वाळत घालताय का?"

दोर मागून घेतला, दोन्हीकडे गाठ मारून आखूड केला. पुन्हा ओढायला लावलं. कमरेपाशीच खटका वाजला. बाई अशा बघायला लागल्या जसं काही मी त्यांना पोहायला शिकवलं.

मग नेम धरायला सांगितला. मी ओरडले, "अंगठा खाली."

"हो, समजलं."

"अंगठा खाली."

"किती वेळा सांगाल हो?"

"तुम्हाला अंगठा जड झाला असेल तर नाही सांगत."

हे मी सगळ्यांना सांगते. नवा असो, जुना असो. डावा हात दस्त्याला खालून धरतो, तो अंगठा नकळत वर येतो, पन्हळीच्या काठावर. चाप ओढला की दोरी त्यावरून जाते. दोरी बघत नाही मधे काय आहे.

बाईचे बाण कुठच्या कुठे. हे स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बाई, माझ्यासमोर या. माझ्या नाकाकडे बोट करा. दोन्ही डोळे उघडे." तिने केलं. हे म्हणाले, "बोटाच्या रेषेत हिचा डावा डोळा येतो. हिचा डावा डोळा मालक आहे, उजवा नोकर. हिला डाव्या खांद्याचा दस्ता करून दे."

डाव्या खांद्यावर घेऊन मारलं तर दुसराच बाण मध्याजवळ. बाई म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर आहात." हे हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

पोरीला फोन केला. ओरडले नाही. ती म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना?"

१५ तारीख, शुक्रवार

आज चरखी लावली. दस्त्याच्या बुडाला बसते, हँडल फिरवलं की दोरी आपोआप मागे येते. वय झालेल्यांसाठी ठेवलेली असते. चरखी दोन्ही बाजू सारख्याच ओढते, म्हणजे माझ्या जड मुठीचा प्रश्न मिटला. मी धनुष्य दाबून धरलं, हँडल ह्यांनी उजव्या हाताने स्वतः फिरवलं. कपाळावर घाम आला पण सोडलं नाही. खटका वाजला तेव्हा माझ्याकडे बघितलं. आम्ही नवीन होतो तेव्हा असं बघायचे, पहिलं धनुष्य जमलं तेव्हा.

मग बाण मारले. उजवीकडे.

दुर्बिणीचा स्क्रू फिरवला. एक बाण मधोमध गेला. पुढचा पुन्हा उजवीकडे, त्याच्या पुढचा आणखी उजवीकडे, शेवटचा ठोकळ्याच्या बाहेर लाकडात. तिपाई बदलली. बाण बदलले. दोरी नवी वळून घातली, बोटं सोलली माझी.

भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, "धनुष्याला तुमचा स्वभाव लागला, वहिनी. कुणाचं ऐकत नाही."

हे म्हणाले, "सगळे मधोमध तर लागतायत."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिथून त्यांना नीट दिसत नसेल, संध्याकाळचा उजेड आहे. चार वाजले होते, हे आता लिहिताना लक्षात येतंय. असू दे.

१८ तारीख, सोमवार

आज भांडण. हे म्हणाले, "तिपाई काढ. लोकांपुढे मी काठीला टेकून मारणार नाही. हाताने धरतो."

"कुठल्या हाताने?"

"डाव्या."

डावा हात मांडीवर पडलेला, पालथा. मी म्हटलं, "धरा बघू."

"धरलाय की."

हात जिथल्या तिथे. मी म्हटलं, "अहो, हललासुद्धा नाही."

"हललाय. तुला दिसत नसेल."

ह्या माणसाने मला फसवलं नाही कधी. साडी कशी दिसते विचारलं तर वाईट दिसते म्हणणारा माणूस. आणि आता तोंडावर खोटं बोलतो. मी धनुष्य आपटून वर निघून आले. भाऊजींनी चहा केला. म्हणाले, "हात गेला हे त्याला पटत नाही, एवढंच आहे." मी म्हटलं, "मला पटलंय का?"

रागात विचार केला आणि मग समजलं. त्यांना लाज वाटते. क्लबातले सगळे समोर, आणि उस्तादाचा हात मांडीवर मेलेल्या मासळीसारखा. ठीक आहे. तिपाई राहील, पण हात दस्त्याला लावून ठेवायचा. लोकांना दिसेल की धरलंय.

१९ तारीख, मंगळवार

जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा कापला, बक्कल लावलं. हाताचा पंजा दस्त्याला खालून लावायचा आणि मनगटावर पट्टा. घट्ट केला तर मनगटावर वळ उठतात, म्हणून थोडा सैल ठेवला. तिपाईला पुढून काळं कापड टाकलं. शेडच्या दारातून बघितलं तर अगदी पहिल्यासारखे दिसतात. मला जरा वेळ तिथेच उभं राहावं लागलं.

चार बाण मारले. मी उजवीकडे उभी असते. डावीकडे गेलं की "अगं कुठे गेलीस" सुरू होतं, आणि नेम सुटतो.

बाणांचं विचारू नका. पण पहिला बाण मध्यावर लागायलाच पाहिजे असं कुठे आहे. मारला पाहिजे, बस.

२१ तारीख, गुरुवार

पहाटे मला कोपराने ढोसून उठवलं. "तुझा हात काढ माझ्या अंगावरून. किती जड आहे."

माझे दोन्ही हात माझ्या उशाखाली होते. त्यांच्या छातीवर त्यांचाच हात होता, डावा. उचलून बाजूला ठेवला. "आता बरं," म्हणाले आणि झोपले.

झोपेत होते. झोपेत माणूस काहीही बोलतो.

२३ तारीख, शनिवार

शेड झाडली. ठोकळे फिरवून लावले. ह्यांची दाढी मी केली. स्वतः केली होती, पण अर्धीच केली आणि झाली म्हणाले. घाई, दुसरं काय. उद्यासाठी पांढरा सदरा काढून ठेवला.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, अजून वेळ आहे. मी सांगतो सगळ्यांना तब्येत बरी नाही म्हणून."

मी म्हटलं, "तुम्ही उद्या फक्त टाळ्या वाजवा."

२४ तारीख, रविवार

आज नाही.

२७ तारीख, बुधवार

लिहिते. नाही लिहिलं तर डोक्यात तेच ते फिरतंय.

रविवारी क्लब भरला होता. शाळेतली बाई होती. सकाळपासून सरावाला जो जो उभा राहिला त्याला मी सांगत होते, अंगठा खाली, अंगठा खाली. घसा बसला माझा. लोक मला चिडवत होते, काकू आता भिंतीला पण सांगतील.

मग ह्यांना खुर्चीत बसवून आणलं. सगळे उठून उभे राहिले. हात पट्ट्यात घातला. चरखी ह्यांनीच फिरवली, खटका वाजला, चरखी मी काढून घेतली, बाण पन्हळीत ठेवला आणि उजवीकडे, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. ह्यांनी गाल लावला. पुढे वाकले. वाकताना पट्ट्यातला हात वर सरकला असणार. डावीकडे कुणीच उभं नव्हतं. लोक मागे होते, आणि मी ह्या बाजूला.

ह्यांना मी अंगठा खाली म्हटलं नाही. उस्तादाला कोण सांगतं.

चाप ओढला. आवाज वेगळा आला. कापड फाटल्यासारखा, ओला. बाण छपराच्या पत्र्यात गेला.

मला आधी बाणच दिसला. मी वर बघत होते. मग भाऊजी ओरडले, ते पळत डावीकडून आले, आणि शाळेतल्या बाई खाली बसल्या तोंडावर हात ठेवून. पांढरा सदरा कोपरापर्यंत लाल झाला होता. अंगठा जिथे पाहिजे तिथे नव्हता.

हे समोर ठोकळ्याकडे बघत होते. ओरडले नाहीत, हललेसुद्धा नाहीत. मला म्हणाले, "लागला का?"

मग आरडाओरडा ऐकला. मान वळवली, पण उजवीकडे, माझ्याकडे. माझ्या मागे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. काळजीने विचारलं, "अगं, कुणाला लागलं?"

२९ तारीख, शुक्रवार

मोठ्या दवाखान्यात. अंगठा लावता आला नाही. अर्धा तळवाही गेलाय. डॉक्टर म्हणतात जखम भरेल.

मी डॉक्टरला विचारलं, "ह्यांना दुखलं कसं नाही?" त्याने खिशातलं पेन काढलं, ह्यांच्या तोंडासमोर धरलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. ह्यांचे डोळे थोडेसे गेले आणि थांबले. पेन पुढे गेलं. "पेन कुठे आहे?" "नेलंत ना तुम्ही," हे म्हणाले.

बाहेर येऊन मला सांगितलं. डोळ्यांना काही झालेलं नाही. झटक्यात मेंदूचा जो भाग गेला, त्याच्याबरोबर त्यांची डावी बाजूच गेली. ताटातलं डावीकडचं, खोलीतलं डावीकडचं, स्वतःचा डावा हात, हे सगळं त्यांच्यासाठी नाहीच. ते खोटं बोलत नव्हते. नेम धरायचे तो जेवढा ठोकळा त्यांच्यासाठी होता तेवढ्याच्या मध्यावर.

"परत येईल का?" मी विचारलं.

"यायचं असतं ते बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत येतं," म्हणाला, आणि पेनाला टोपण लावलं.

मी दस्ता कापला, दोरी बदलली, चरखी लावली, तिपाई लावली, पट्टा शिवला. सगळं मापात बसवलं. अर्ध्या माणसाला मी पूर्ण माणसाचं माप लावत होते.

३१ तारीख, रविवार

व्यायामवाली दवाखान्यात भेटायला आली. मी वाट बघत होते की म्हणेल, काकू, मी सांगितलं होतं. नाही म्हणाली. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी तिला विचारलं, आता डावीकडे बसून काही होईल का. ती म्हणाली, "बसा. बसल्याने नुकसान तर नाही." पोर खोटं बोलायला अजून शिकलेली नाही.

पोरगी येऊन गेली. बाप तिला ओळखतो, लाड करतो, आणि ती पलंगाच्या त्या बाजूला गेली की विसरतो. जिन्यात जाऊन रडली. मी म्हटलं, "वहीत लिही." वाईट बोलले. मग तिला जवळ घेतलं.

९ तारीख, मंगळवार

घरी आणलं. खालची सगळी धनुष्यं भाऊजींनी दोऱ्या उतरवून पेट्यांत भरली. लोक आपापली घेऊन गेले, कुणी माझ्याकडे बघत नाही. शाळेतल्या बाईने डाव्या खांद्याच्या दस्त्याचं विचारलंच नाही. दुकानाला कुलूप आहे. भाऊजी शेड घेणारा माणूस बघतायत. ह्या वेळी किल्ली मीच त्यांच्या हातात दिली.

आज दुपारी पलंगाच्या डावीकडे खुर्ची घेतली. बसले. ह्यांना सांगत होते की शेड द्यायची म्हणतोय आपण. हे उजवीकडच्या खिडकीकडे बघत होते. हाक मारली, "अगं."

"इथे आहे मी."

आवाज ऐकला, मान फिरवली, पण उजवीकडेच. खिडकी बघितली, दार बघितलं. "अगं, कुठे आहेस?"

"अहो, इकडे. डावीकडे बघा. माझ्या आवाजाकडे."

खांद्याला हात लावला. हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, तर डोळे निसटून पुन्हा तिकडेच. तिसरी हाक मारली ती अगदी बारीक आवाजात. एवढ्या वर्षांत ह्या माणसाचा असा आवाज मी ऐकला नव्हता. जत्रेत हरवलेलं पोर असं हाक मारतं.

उठले. पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेले. तोंड उजळलं त्यांचं.

"कुठे होतीस?"

"खाली. दुकानात."

"गर्दी आहे?"

"आहे," म्हटलं.